शेकडा ३ चं व्याज आणि खात्यात आलेले दीड हजार

आमच्या माहेरचं इंदूरजवळ सांवेरकडे ६ बिघे शेत आहे. आजोबांच्या वेळचं, आता काकांच्या नावावर आहे, आणि गेली पंधरा-सोळा वर्षं एकच कुटुंब ते बटाईनं, म्हणजे वाट्यानं करतंय. नवरा-बायको, म्हातारी आई, तीन मुलं. काका राहतात इंदूरला राजेंद्रनगरात, शेतावर जातात वर्षातून चारेक वेळा. मी बँकेत नोकरीला होते, त्यातली बरीच वर्षं देपालपूरच्या बाजूला खेड्यातल्या शाखेत काउंटरवर गेली, त्यामुळे खेड्यातला पैसा कसा येतो, कुठे अडकतो आणि कोणाच्या खिशात जातो हे रोज बघितलंय. रिटायर झाल्यापासून घरच्या कार्यक्रमात दर वेळी एकच वाद ऐकतेय, लाडली बहनाचे, म्हणजे मध्य प्रदेश सरकार बायकांच्या खात्यात दर महिन्याला टाकतं ते, पैसे देऊन सरकारनं लोकांना आळशी केलं, शेतावर मजूर मिळत नाही वगैरे. वाद घालून कंटाळले, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू या की गरीब घरात दर महिन्याला थोडी रोख रक्कम आली की आत नेमकं काय होतं.

आधी व्याजाचं बघू, कारण सगळं तिथूनच सुरू होतं.

सोयाबीन पेरायचं जूनच्या शेवटी, पहिला चांगला पाऊस झाला की लगेच. आमच्या बटाईत खर्च अर्धा-अर्धा आणि माल अर्धा-अर्धा असतो. समजा बी, खत, ट्रॅक्टरचं भाडं धरून बटाईदाराच्या वाट्याला १२ हजार येतात. जूनमध्ये त्याच्या घरात १२ हजार नसतातच, गव्हाचे पैसे लग्नकार्यात, जुन्या उधारीत, मुलांच्या वह्या-पुस्तकांत संपलेले असतात. मग तो गावातल्या व्यापाऱ्याकडे जातो. दर शेकडा ३. शहरातल्या माणसाला ३ म्हटलं की बँकेपेक्षा स्वस्त वाटतं पण हा महिन्याचा दर आहे हं, वर्षाचे ३६ टक्के झाले. १२ हजारावर महिन्याला ३६०, व्यापारी जून पण धरतो आणि ऑक्टोबर पण धरतो म्हणजे ५ महिने, झाले १८००. आणि एवढ्यावर भागत नाही, अट अशी की माल मलाच घालायचा. मंडीत जो भाव असेल त्याच्यापेक्षा क्विंटलमागे समजा २०० रुपये कमी. त्याच्या वाट्याला ९ क्विंटल आलं तर आणखी १८०० गेले. म्हणजे १२ हजार पाच महिने वापरायला मिळाले त्याची किंमत ३६००.

मी तुम्ही हेच १२ हजार घेतले असते तर? सोनं ठेवून बँकेतून घेतले असते तर पाच महिन्यांत पाचेकशे रुपये व्याज पडलं असतं. तेच पैसे, तेच महिने. ज्याच्याकडे काही नाही त्याला रुपया महाग पडतो आणि ज्याच्याकडे आहे त्याला स्वस्त, हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की रोख मदतीचं निम्मं गणित कळतं. खेड्यात धान्य असतं, दूध असतं, श्रम तर असतातच असतात, नसते ती रोकड, आणि नेमकी हवी त्या आठवड्यात नसते.

आता या घरात बाईच्या खात्यावर महिन्याला १५०० येतात. लाडली बहना, २०२३ च्या जूनमध्ये १००० नं सुरू झाली, त्याच वर्षी १२५० झाली आणि २०२५ च्या नोव्हेंबरपासून १५००. वर्षाचे १८ हजार. म्हातारीला वेगळी ६०० रुपये पेन्शन आहे. ऐकणारा म्हणतो दीड हजारात काय होतं, आमच्याकडे एका रविवारी सराफ्याच्या खाऊगल्लीत तेवढे उडतात. होतं काय तर पेरणीचे १२ हजार त्यातून निघत नाहीत, तेवढी मोठी रक्कम साठतच नाही, पण छोटी कर्जं बंद होतात, आणि गरिबाला मारतात ती छोटीच. मुलाला ताप आला, ४०० रुपये पाहिजेत, रात्री आठ वाजता कोण देणार, जो देतो तो शेकडा ५ नं देतो किंवा दोन दिवस फुकट राबवून घेतो. ती चारशे-पाचशेची उधारी वर्षात सात-आठ वेळा व्हायची. आणखी एक गंमत, म्हणजे चांगल्या अर्थानं, किराणावाला आता त्या बाईला बिनव्याजी उधार देतो कारण त्याला माहितीये की महिन्याच्या दहा-पंधरा तारखेच्या आसपास हिच्याकडे पैसे येणारेत. तेच खातं, तीच बाई, पण येणारा पैसा पक्का झाला की गावात पत वाढते. माझ्या मते दीड हजारातला सगळ्यात मोठा फायदा हा आहे आणि तो कुठल्याच पासबुकात दिसत नाही.

तुम्ही म्हणाल हे एका घराचं झालं. बरोबर आहे, एका घरावरून काही सिद्ध होत नाही. पण आपल्या इंदूर जिल्ह्यातच याचा मोठा प्रयोग झालाय आणि मला नेहमी वाईट वाटतं की इंदूरच्या लोकांनाच तो माहिती नाही, जगभरातले अर्थशास्त्राचे लोक त्याचं नाव घेतात. २०११ च्या जूनमध्ये सेवा या संघटनेनं, म्हणजे इला भट्ट यांनी १९७२ मध्ये अहमदाबादला सुरू केलेली कष्टकरी बायकांची संघटना, तिच्या मध्य प्रदेश शाखेनं युनिसेफच्या मदतीनं ८ गावांत प्रत्येक माणसाला दर महिना रोख पैसे द्यायला सुरुवात केली. मोठ्या माणसाला २००, मुलाला १००, वर्षभरानंतर ते ३०० आणि १५० केले. मुलांचे पैसे आईच्या हातात. अट कुठलीही नाही, शाळेत गेलंच पाहिजे, लस घेतलीच पाहिजे असं काही नाही, दारिद्र्यरेषेचं कार्ड पण विचारलं नाही, गावातल्या सगळ्यांना दिले, फक्त तीन महिन्यांत बँकेत खातं उघडा एवढं सांगितलं. साधारण ६ हजार लोक होते. आणि तुलना करायला तशीच दुसरी १२ गावं निवडली जिथे पैसे दिले नाहीत पण सर्व्हे तसाच केला. ही तुलनेची गावं फार महत्त्वाची, नाहीतर पाऊस चांगला झाला म्हणून सुधारणा झाली की पैशामुळे ते कळत नाही. आमच्या बटाईदाराच्या घराएवढं घर धरलं, ३ मोठे आणि ३ मुलं, तर सुरुवातीला महिन्याचे ९०० आणि नंतर १३५० झाले असते.

दीडेक वर्ष चाललं हे, त्यातच एका आदिवासी गावातही वेगळं करून बघितलं. निघालं काय तर पैसे मिळालेल्या गावांत मुलांचं वजन सुधारलं आणि मुलींचं जास्त सुधारलं. हे वाचून मी थांबले होते, कारण मुलींचं जास्त का? तर ताटात आधी जेव्हा कमी असतं तेव्हा कमी कोणाला वाढलं जातं ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पुरेसं आलं की जिच्या ताटात खड्डा होता तिचा भरला. खाण्यात डाळ, भाजी, अंडी वाढली, औषधं नियमित घेतली गेली, मुलं शाळेत जास्त दिवस गेली, शेळ्या-गाई वाढल्या, कर्ज कमी झालं.

आणि काम? काम वाढलं. बायकांचं तर जास्तच. पण कोणतं काम वाढलं ते बघा, दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी थोडी घटली आणि स्वतःच्या शेतावरचं, स्वतःच्या जनावरांचं, शिलाई-किराण्यासारखं स्वतःच्या धंद्याचं वाढलं. इथेच आमच्या काकांच्या आणि त्यांच्या मित्रांच्या तक्रारीचं मूळ आहे. मजूर मिळत नाही ही तक्रार खोटी नाही, पण मिळत नाही म्हणजे झोपून राहिलाय असं नाही, तो स्वतःचं करतोय, किंवा पडेल त्या दराला येत नाहीये कारण त्याच्या घरात आठ दिवसांचं पीठ आहे. मजूर महाग झाला की शेतमालकाला त्रास होतो हे मी मान्य करते, मी स्वतः त्याच घरातली आहे, पण त्याला आळस म्हणायचं नाही.

दारूचं पण सांगते, कारण ते पुढचं वाक्य असतंच. जागतिक बँकेच्या डेव्हिड इव्हान्स आणि अॅना पोपोवा यांनी वेगवेगळ्या देशांतले १९ अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये छापलं, रोख मदत मिळाल्यावर दारू-तंबाखूवरचा खर्च वाढत नाही, कुठे कुठे तर घटतो. इंदूरच्या गावांतही वाढला नव्हता. पिणारा पितोच हो, मी काउंटरवर बघितलेत, पगाराच्या दिवशी बायकोच्या हातातून पासबुक ओढून घेणारे. पण तो आधीही पीत होता, पैसे आले म्हणून सुरू झाला असं नाही. आणि पैसे बाईच्या एकटीच्या नावावरच्या खात्यात येतात, जॉइंट खात्यात लाडली बहनाचे पैसे टाकत नाहीत, त्यानं फरक पडतो. आमच्या बटाईदाराच्या बायकोला मी विचारलं होतं, तुमच्या घरात काय बदललं, तर ती म्हणाली, "दीदी, पूर्वी मीठ आणायला पण विचारावं लागायचं." मिठाचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

एक अभ्यास मला विशेष आवडतो. २०१३ मध्ये आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन वगैरे मंडळींनी तामिळनाडूतल्या ५४ गावांतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांना डोकं चालवायची कोडी सोडवायला दिली, एकदा तोडणीच्या आधी जेव्हा हातात पैसा नसतो तेव्हा आणि एकदा तोडणीनंतर पैसे आल्यावर. तोच माणूस, तोच मेंदू, पण पैशाच्या तंगीत त्याची उत्तरं जास्त चुकली. याचा अर्थ गरीब माणूस कमी हुशार नाही, त्याचं डोकं सतत एका हिशेबात गुंतलेलं असतं, उद्या कोणाला काय सांगायचं, कोणाची तारीख पुढे ढकलायची, कोणाच्या दुकानासमोरून जायचं नाही. मग बियाण्याच्या पिशवीवरची तारीख बघायची राहून जाते, पीकविम्याची शेवटची तारीख निघून जाते, आणि आपण म्हणतो हे लोक असेच, निष्काळजी. घरात पुढच्या महिन्याचे दीड हजार नक्की आहेत हे कळलं की त्या हिशेबातला एक कोपरा तरी मोकळा होतो.

आता गावाचं बघू. केनियात सियाया भागात ६५३ गावांमध्ये मोठा प्रयोग झाला, १० हजारांवर कुटुंबांना साधारण १००० डॉलर प्रत्येकी दिले, परत न मागण्याच्या बोलीवर. नंतर एग्गर, हाउशोफर, मिगेल, नीहाउस आणि वॉकर यांनी मोजलं तर दिलेल्या एका डॉलरमागे त्या भागात सुमारे अडीच डॉलरची उलाढाल झाली, आणि महागाई जवळजवळ वाढली नाही. कारण सोपं आहे, गरिबाचा पैसा गावातच फिरतो. आपल्याकडचंच बघा, बाईनं शेळी घेतली ती शेजारच्याकडून, पत्रे घेतले ते जवळच्या हातोदच्या दुकानातून, त्या दुकानदारानं एक पोरगा कामाला ठेवला. पण हे सगळीकडे असंच होईल असं मी म्हणत नाही. फिलिपिन्समध्ये दूरच्या गावांत, जिथे बहुतेक घरांना पैसे मिळाले, तिथे अंड्यासारख्या वस्तूंचे भाव वाढले आणि ज्या घरांना पैसे मिळत नव्हते त्यांच्या मुलांच्या वाढीवर वाईट परिणाम झाला. म्हणजे गाव बाजाराला जोडलेलं असेल, माल येत असेल तर पैसा कामाला येतो. सांवेर-देपालपूरची गावं इंदूरच्या पोटाशी आहेत, तिथे माल सकाळी टेम्पोनं येतो. अलीराजपूर-झाबुआच्या आतल्या पाड्यावर तेच गणित लागू होईल असं धरून चालता येत नाही.

आणि रेशन बंद करून रोख द्या म्हणणारेही आहेत, त्यांच्याशी माझं अजिबात जमत नाही. इंदूरच्या प्रयोगात पैसे वरून दिले होते, रेशन चालूच होतं, हे विसरायचं नाही. उलट झारखंडमध्ये रांचीजवळच्या नगडी ब्लॉकमध्ये २०१७ च्या ऑक्टोबरात काय केलं तर एक रुपया किलोचा तांदूळ आधी ३२ रुपये किलोनं विकत घ्या, फरक तुमच्या खात्यात टाकतो. आता ज्या बाईला बँकेत जायला अर्धा दिवस जातो तिनं आधी बँकेत जाऊन पैसे आले का बघायचं, मग काढायचे, मग रेशन दुकान. एका तांदळासाठी तीन ठिकाणी खेटे. लोक रस्त्यावर आले, आणि २०१८ मध्ये ते गुंडाळावं लागलं. तीच रोकड, पण इथे ती लोकांच्या डोक्यावर बसली.

काउंटरच्या अलीकडे-पलीकडे काय होतं ते तर मी डोळ्यांनी बघितलंय. सरकारचा पैसा आधारवरून जातो, आणि ज्या खात्याला आधार सगळ्यात शेवटी जोडलं त्या खात्यात जातो. हे कोणी सांगत नाही. एक आजी तीन महिने आमच्या शाखेत येत होत्या, माझे पैसे आले नाहीत म्हणून, आणि आमच्यातला एक जण दर वेळी सांगायचा की अम्मा आले नाहीत, जा. नंतर निघालं की नातवानं मोबाइलवर कुठलं तरी दुसरं खातं उघडलं होतं, आधार त्याला जोडलं गेलं आणि पैसे तिकडे जमा होऊन राहिले होते. तीन महिन्यांचे! त्या प्रत्येक फेरीचं बस-भाडं आणि बुडालेली मजुरी कोणी भरून दिली नाही, आम्ही पण नाही. समग्र आयडीत, म्हणजे राज्य सरकारच्या कुटुंबाच्या नोंदीत, नाव वेगळं, आधारमध्ये वेगळं, ई-केवायसी राहिली, अंगठा उमटत नाही कारण हात घासून घासून रेघाच उरल्या नाहीत. कियोस्कवाला, म्हणजे गावातल्या छोट्या बँक-केंद्राचा माणूस, पैसे काढून देताना वरचे १०-२० ठेवून घेतो, घ्यायचा अधिकार नसताना, आणि बाई काही बोलत नाही कारण दुसरा कियोस्क ६ किलोमीटरवर आहे. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या ताईंचे पैसे अडकलेले असतील तर आधी एवढंच करा, आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते आधारच्या वेबसाइटवर बघून द्या. पाच मिनिटांचं काम आहे.

एकरकमी की दर महिन्याला, हा प्रश्न पण येतो. केनियातलाच आधीचा एक अभ्यास सांगतो की एकदम पैसे मिळाले की लोक घराचे पत्रे वगैरे मोठ्या वस्तू करतात आणि दर महिन्याला मिळाले की खाणं सुधारतं. दोन्ही खरं, दोन्ही लागतं. म्हणून मला वाटतं पेरणीच्या तोंडावर येणारे पीएम किसानचे २००० आणि दर महिन्याचे १५०० हे एकमेकांना पूरक आहेत. फक्त ते २००० कोणाला येतात ते विचारा.

कारण इथे आमच्या घराची गोष्ट येते. पीएम किसानचे वर्षाला ६ हजार, २-२ हजारांच्या तीन हप्त्यांत, आणि मध्य प्रदेश सरकारचे वरचे ६ हजार, असे १२ हजार मिळतात ते ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला. काका खासगी नोकरीतून रिटायर झालेले, टॅक्स भरण्याएवढं उत्पन्न नाही, नियमात बसतात. त्यामुळे शेतकऱ्याच्या मदतीचा मेसेज राजेंद्रनगरात दुसऱ्या मजल्यावर काकांच्या मोबाइलवर येतो, आणि जो पहाटे चार वाजता थंडीत गव्हाला पाणी देतो त्याला एक रुपया नाही. वर्षाचे १२ हजार, अगदी तेवढेच जेवढे तो जूनमध्ये शेकडा ३ नं उचलायचा. मी जेव्हा हे दोन आकडे काकांना एका कागदावर शेजारी शेजारी लिहून दाखवले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. वाईट माणूस नाहीयेत ते, कधी तसं बघितलंच नव्हतं.

गेल्या दोन खरिपांपासून काका त्याच्या वाट्याचे बियाण्याचे पैसे जूनमध्येच देतात, बिनव्याजी, पीक निघालं की परत घेतात. त्यानं माल मंडीत स्वतः नेला, लक्ष्मीबाईनगरच्या, आणि पट्टी काकांना दाखवायला घेऊन आला होता. त्याच्या बायकोनं साठवलेल्या पैशांतून दोन शेळ्या घेतल्या, आता पाच आहेत. पण हे सगळं काकांच्या मनावर चाललंय, काका ७६ वर्षांचे आहेत आणि चुलतभावाला शेत विकायचंय. आपल्या राज्यात २०१६ चा बटाईदारांच्या हिताचा कायदा आहे, त्यात लेखी करार करता येतो आणि एक प्रत तहसीलदाराकडे द्यायची असते, म्हणजे गारपीट झाली, पीक गेलं तर भरपाईत बटाईदाराचा हक्क राहतो. आपल्याकडे बहुतेक लोक तो करार करत नाहीत, कूळ लागेल अशी जुनी भीती आहे, जमिनीवर हक्क त्यानं जात नाही हे सांगूनही पटत नाही. मी तीन प्रती टाइप करून ठेवल्यात. दसऱ्याला काका शेतावर जाणारेत, तेव्हा मी पण बरोबर जातेय.